पायऱ्यांवरचा तुकडा

बाबा, परवा दुपारी तो सिनेमा पुन्हा पाहिला. घरात, पंख्याखाली, पलंगावर बसून. तुम्हाला पटणार नाही, पण आता सिनेमा आपणहून घरी येतो. रिळांच्या पेट्या नाहीत की स्टेशनवरून त्या आणणारा हमाल नाही. नातीने कुठलीशी यादी काढली होती, जुने पण आजही बघावेत अशा सिनेमांची, आणि तिच्यात तो होता. "आजी, हा रामटेकले शूट झाला म्हणते. तू पाहिला काय?" मी म्हटलं, पाहिला आहे थोडा. ते खरंच होतं. पंधरा-वीस वेळा पाहूनही तो मी पुरता कधी पाहिला नव्हता आणि त्याला कारण तुम्ही होतात. त्या गोष्टीवरून मी तुमच्यावर पन्नास वर्षं रागावून आहे. तुम्ही गेलात तेव्हाही रागावलेलीच होते.

आजोबांचा हातमाग होता. घरात प्रत्येकाच्या बोटांना तुटलेला धागा जोडायची सवय. तुम्ही माग सोडून टॉकीजच्या केबिनमध्ये ऑपरेटर झालात तरी काम तेच राहिलं, फक्त धाग्याऐवजी फिल्म. तुटली की ब्लेडने दोन्ही टोकं साफ करायची, फिल्म चिकटवायचं ते वासाचं सिमेंट लावायचं आणि बोटाने दाबून धरायचं. सिनेमा चांगला की वाईट हे ठरवायची तुमची कसोटीही केबिनमधलीच. यंत्रात कार्बनच्या दोन कांड्या जळत. त्या आखूड होतील तशा हाताने जवळ आणाव्या लागत, नाहीतर पडद्यावर अंधार पडायला लागे. "ज्या सिनेमात ऑपरेटर कार्बन सरकवाचं विसरते, तोच खरा सिनेमा," असं तुम्ही म्हणायचात. मोहल्ल्यातले लोक नटनट्यांवर वाद घालत आणि तुम्ही मध्येच म्हणायचात, अमक्या सिनेमात तीनदा अंधार झाला, पब्लिकनं शिव्या घातल्या, पण काय सिनेमा होता. आजकालच्या याद्या करणाऱ्यांना ही कसोटी कुणीतरी सांगायला हवी.

त्या सिनेमात माय होती. मला ती आठवत नाही, मी दोन वर्षांचीही नव्हते. ती माहेरी रामटेकला गेली असताना शूटिंगवाले आले आणि देवळाच्या पायऱ्या चढणाऱ्या गर्दीत गावातल्या बाया उभ्या केल्या. सगळ्यांना एकच ताकीद होती, कॅमेऱ्याकडे पाहायचं नाही. दोन महिन्यांत माय तापाने गेली. तिचा एकही फोटो नव्हता. तिच्यामागून वर्षभराने तो सिनेमा तुमच्याच टॉकीजला लागला. पुढे सकाळच्या खेळाला जुने सिनेमे लावायचे, तेव्हा तो दोन-तीन वर्षांनी फिरून आठवडाभर येत राहिला. मी सहा वर्षांची झाल्यापासून तुम्ही मला बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत, केबिनच्या चौकोनी खिडकीखाली बसवायचात. "चवथ्या रिळात पायऱ्या येतीन. डावीकडून दुसरी. लुगड्याचा रंग हिरवा आहे, पण तुले काळाच दिसन." इंटरव्हलला खाली येऊन विचारायचात, "दिसली काय वं?" मी म्हणायचे, दिसली.

काय दिसायचं ते आज सांगते. पाठ दिसायची. डोक्यावरून घेतलेला पदर, पायरीवर टेकलेली एक टाच. ती तीन पायऱ्या चढते, मग कुणी मागून हाक मारावी तशी तिची मान वळायला लागते, कानातलं दिसतं, गालाची कड दिसते, आणि पडदा एकदम हिसका खातो. गर्दी तशीच चढत असते आणि तिच्या जागी पायरी रिकामी असते. आवाज नाही, काही नाही. शेजारची बाई वळूनसुद्धा पाहत नाही. मला वाटायचं मरण म्हणतात ते हेच. माणूस मान वळवतं आणि नाहीसं होतं. शाळेत कितीतरी दिवस मागून कुणी हाक मारली तरी मी मान वळवत नव्हते, पुरी फिरून उभी राहायचे. बाईंनी मला सांभाळणाऱ्या आत्याला बोलावून सांगितलं, पोरीला ऐकू कमी येतं, दाखवून आणा. तुम्ही मला मेयो हॉस्पिटलात घेऊन गेलात. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही.

तो सिनेमा गावात आला की घरातही काहीतरी बिनसायचं. तुमचं जेवणात लक्ष नसायचं. तुम्ही स्वतः, पुरुषमाणूस, मुठीत मीठ-मोहऱ्या आणि भिवापूरच्या लाल मिरच्या घेऊन माझ्यावरून उतरवायचात आणि शेगडीत टाकायचात. रोज, तो सिनेमा असेपर्यंत. आत्या कुरकुरायची, "दादा, हे बाप्याचं काम आहे काय गा?" मिरच्या चरचरायच्या, पण ठसका यायचा नाही. आपण तिघं शेगडीभोवती तोंड बंद करून उभे आणि घरात कुणाला शिंकसुद्धा नाही. आत्या हळूच म्हणायची, लागली होती. तिनेच एकदा सांगितलं, तो सिनेमा पहिल्यांदा लागला त्या आठवड्यात मला गोवर निघाला होता आणि मी हातची गेलेच होते. चौथ्या दिवशी तुम्ही टॉकीजमधून दुपारीच घरी आलात, उशाशी बसलात आणि संध्याकाळी माझा ताप उतरला. कॉलेजात रसायनशास्त्र शिकायला लागल्यावर मी हे सगळं बंद पाडलं. म्हटलं, निखारा नीट पेटलेला असला की धूर वर निघून जातो, त्यात दृष्ट कुठून आली. त्यानंतर तुम्ही वाळत घातलेल्या माझ्या ओढणीवरून मिरच्या उतरवायचात हे मला माहीत होतं, आणि मी मैत्रिणींना ते हसून सांगायचे.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी गावभर पाट्या लागल्या, तोच सिनेमा, नवी कोरी प्रिंट. मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू. तोवर मला एवढं कळत होतं की तो हिसका म्हणजे मरण नव्हे, फिल्म तुटल्याची खूण आहे. नव्या प्रिंटमध्ये तुटलेलं काही नसणार. माय मान वळवेल आणि मी तिचं तोंड पाहीन. सकाळी अकराला तुमचा डबा घेऊन मी जिना चढले. तुम्ही स्टुलावर बसला होतात, समोर रीळ, फिल्म खिडकीच्या उजेडात धरलेली, हातात ब्लेड. पायाशी आठ-दहा हात लांबीचा तुकडा गुंडाळी होऊन पडला होता.

"काय करून राहिले, बाबा?"

"तुटली होती."

"कोरी प्रिंट आहे. काहून कापून राहिले?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. सिमेंट लावलं, जोडावर अंगठा दाबला. "पाहू नको म्हटलं होतं तिले. पाहिलं न तिनं."

सगळं एकदम कळलं असं वाटलं. इतकी वर्षं, प्रत्येक प्रिंट, तीच जागा. "माझी माय कापून राहिले तुम्ही. तुमचा हात कसा धजला?"

"तुझी माय नाही कापून राहिलो," तुम्ही म्हणालात. "डबा ठेव अन् घरी जा वं, पोरी."

मी ते ऐकलं, पण ते शब्द मी कानाआड केले. मला वाटलं, तिचं तोंड तुम्हाला एकट्याला हवं आहे, बाकी जगाला आणि मला पाठ. तसं मी बोललेही, तुमच्या तोंडावर, त्या कार्बनच्या वासात. नंतर आपण बोलत राहिलो, गॅसचं, रेशनचं, माझ्या लग्नाचं. तुम्ही गेलात तेव्हा तेराव्यानंतर मी तुमची ट्रंक उपसली, गादीखाली पाहिलं, देवघरामागे हात घातला. तुकडे सापडले नाहीत, एकही नाही. तेव्हा तर जास्तच चिडले, की ठेवायचेही नव्हते तर कापले कशाला.

परवाच्या सिनेमावर लिहिलं होतं की तो मूळ निगेटिव्हवरून साफ करून घेतला आहे. चवथं रीळ वगैरे आता कळत नाही, पायऱ्या अचानकच आल्या. टाच, पदर, तीन पायऱ्या. मान वळायला लागली तशी मी पलंगाची कड धरली, सवयीने, हिसका बसणार म्हणून. तो बसला नाही. मायने मान पुरी वळवली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. बावीसची असेल, माझ्या नातीहून लहान. दात थोडे पुढे. हसली. मग तिने पदर बाजूला केला, आणि मला दिसलं की तिच्या कडेवर मूल आहे. तिने त्या मुलाच्या हनुवटीला बोट लावून त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे फिरवलं, आपण लहान पोराला चंद्र दाखवतो तसं. गालावर काजळाची तीट. डाव्या भुवईत खोक. मी रांगताना जात्यावर पडले होते त्याची ती खोक आजही माझ्या चष्म्याच्या वर आहे. तुम्ही तर मला नेहमी सांगितलंत की शूटिंगच्या दिवशी मी आत्याजवळ घरी होते.

ते मूल हललं नाही, बाबा. डोळेही मिटले नाहीत. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला आपल्याच घरात भीती वाटली, भर दुपारी. मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. केबिनमध्ये तुम्ही पहिल्यांदा हे रीळ लावलंत तेव्हा गेलेली बायको पडद्यावरून तुमच्याकडे वळली असेल आणि तिने तुमची पोर सगळ्या हॉलला दाखवली असेल. दिवसाला चार खेळ, खचाखच, अंधारात बसलेले एवढे डोळे, आणि पोर घरी गोवराने फणफणलेली. चौथ्या दिवशी तुम्ही ब्लेड घेतलं. ताप उतरला. त्यानंतर तुम्हाला कुठलं रसायनशास्त्र पटणार होतं? तुम्ही मला कापत होतात. माय त्यात गेली, कारण ती मला कडेवर घेऊन होती. आणि ते तुकडे कुठे गेले असतील हे आता मला विचारायला नको. शेगडी रोज पेटत होतीच. केबिनमध्ये तुम्ही खरं तेच सांगितलं होतं आणि मी ते ऐकूनही घेतलं नाही. मला फार वाईट वाटतं आहे, बाबा. हे लिहिलेलं वहीतच राहणार, ते कुठे पाठवायचं हे मला माहीत नाही.

फक्त एक कबूल करते. मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, ग्रहणात मुलींना खायला लावलं, लिंबू-मिरच्या पायाने उडवल्या. परवा नातीने तो भाग पुन्हा लावला, आणि शेजारच्या पोरींना दाखवायला हाका मारल्या. चौघी-पाचजणी येऊन टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. माय वळायला लागली तशी मी उठले आणि पडद्यावर तळहात ठेवला, नेमका त्या मुलाच्या तोंडावर. नात म्हणाली, "आजी, काय झाकून राहिली?" मी म्हटलं, धूळ आहे. मायला सगळ्यांनी पाहिलं, मीही डोळे भरून पाहिलं, पण ती पायऱ्या चढून वर जाईपर्यंत हात काही मी काढला नाही.