बाहेर राहिलेला चोक

जामसंडे,
५ फेब्रुवारी १९८४

प्रिय परशा,

तुझं पत्र पोस्टमनने शाळेच्या खिडकीतूनच दिलं, त्यामुळे पाढे सोडून सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत बसला. स्वेटर पोचला. बाबांनी अंगात घातला, आरशात बघितलं आणि म्हणाले, "मी काय काश्मिरात ऱ्हवतंय?" पण काढला मात्र नाही, दुपारच्या उन्हातही घालून बसले होते. तू पत्रात आधी गाडी कशी आहे विचारलंस आणि मग बाबा कसे आहेत. आपल्या घरात त्या दोघांत कुणी फारसा फरक कधी केलाच नाही म्हणा. तेव्हा मीही गाडीपासूनच सुरुवात करते.

दिवाळीपासून गाडी काळा धूर सोडतेय. थोडाथोडका नव्हे, चढावर मागच्या एस.टी.ला रस्ता दिसत नाही. अंगणात उभी करून सुरू ठेवली की शेजारच्या काशीबाईंची वाळत घातलेली लुगडी काळी होतात. परवा त्या कुंपणावरून ओरडल्या, "माझा पातळ धुवन दी म्हणान सांग तुझ्या बापाशीक!" आणि पेट्रोल तर किती पिते ते विचारू नकोस. इतरांनी आपल्या जुन्या ट्रकांना केव्हाच डिझेलची इंजिनं बसवली, पण बाबांचं एकच, "तिचा काळीज काढून दुसऱ्याचा घालू काय?" धुराचं विचारलं की म्हणतात, पंपवाले मेले रॉकेल मिसळतात. म्हणजे दोष जगाचा, गाडीचा नाही.

गुरुदासने हे दुखणं फार मनावर घेतलं. त्याचं आता स्टँडजवळ स्वतःचं गॅरेज आहे, पण बाबांची गाडी आली की हातातलं काम टाकून येतो, अजून त्यांच्या हाताखालीच असल्यासारखा. प्लग काढले तर काजळीने माखलेले. ते घासून लावले, दोन दिवस बरे गेले, पुन्हा धूर. हवेची जाळी धुतली. कार्बोरेटर उघडून आतला फ्लोट गरम पाण्यात बुडवून बघितला. भोक असतं तर बुडबुडे आले असते, ते आले नाहीत. मग त्याचं लक्ष डॅशबोर्डवरच्या उष्णतेच्या काट्याकडे गेलं. इंजिन कितीही तापलं तरी तो थंडवरच पडून. बाबा काट्यावर विश्वास ठेवून चोक बाहेरच ठेवत असणार, असं त्याला वाटलं. चोक म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल पाजायला बाहेर ओढायची मूठ. इंजिन तापलं की ती आत ढकलायची, नाहीतर नुसता धूर. ड्रायव्हरच्या मुलाला हे मी सांगावं! पण तू बॉनेटमध्ये डोकं घातलंस कधी? गुरुदासने इंजिनावरचं काट्याचं बटण आणि वायर कोल्हापूरहून मागवून बसवली. काटा टुणकन वर गेला आणि मी देवापुढे साखर ठेवली. आठवडा गेला नाही तोच काशीबाई पुन्हा कुंपणाशी.

मग शाळेला सुट्टी होती तेव्हा मी मुद्दाम गाडीत चढून बसले. बाबा वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यातून टरफलांची पोती भरायला चालले होते. जाताना काय मजेत गप्पा मारत होते! कुठल्या वळणावर कुणाची गाडी कलंडली होती ते त्यांना अजून तोंडपाठ आहे. वेंगुर्ल्यात पोती भरून झाली, चहा झाला आणि ते परत गाडीत येऊन बसले. इंजिन तापलेलंच होतं, काटाही नीट मधोमध उभा होता. बाबांनी चोक ओढला. मी म्हटलं, बाबा, काटा बघा. त्यांनी बघितला, चांगला निरखून बघितला आणि म्हणाले, "थंड आसा अजून." मग कारखान्याच्या आवाराकडे मान वळवून मला म्हणाले, "आवशीक सांग, पेज नको म्हणान. उशीर झालो." पेज सकाळची, आणि ऊन तर डोक्यावर होतं, परशा. आणि आईला जाऊन तीन वर्षं झाली. मी नुसतं बरं म्हटलं. परतीच्या वाटेवर मी चोक हळूच आत ढकलायची आणि थोड्या वेळाने ते तो बाहेर ओढायचे. मला रडायलाही येईना, कारण गाडी ते इतकी सुरेख चालवत होते.

दुसऱ्या दिवशी मी गुरुदासकडे गेले. माझा चेहरा बघूनच तो समजला. कितीतरी वेळ कापडाला हात पुसत राहिला. "गाडी पयल्या दिवसापासून बरी आसा, अक्का. दर खेपेक येता तेव्हा चोक भायर. मी आत ढकलतंय नि गप ऱ्हवतंय. पयलो पानो माझ्या हातात तेंनीच दिल्यानी, तेंका मी काय सांगू?" म्हणजे प्लग, जाळी, फ्लोट, काटा हे सगळं त्याने कशात तरी दोष निघेल या आशेवर उघडलं होतं. आणि एक काटा सोडला तर प्रत्येक भाग चांगला निघत गेला. मला त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली. मग डॉक्टरांना जाऊन विचारलं, तर म्हणाले, विसर वयाचा आहे, वाढत जाईल, गाडी मात्र चालवू देऊ नका. जणू मी चालवू देतेय! एखादा ड्रायव्हर ठेवू या, एवढं नुसतं म्हटलं, तर बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि चावी कनवटीला लावून झोपू लागले. शिमगा झाला की आंब्याच्या पहिल्या पेट्या निघतील. त्या घेऊन ते फोंडा घाट चढणार, लोकांना तसा शब्दही दिलाय. त्या घाटात त्यांना सकाळ वाटेल की दुपार, ते कोण सांगणार?

तुला तो दसरा आठवतो ना? गाडीला हार घालून झाल्यावर बाबांनी चावी तुझ्यापुढे धरली होती आणि तू म्हणालास, मला मुंबईला नोकरी लागलीय. तू काही चुकीचं केलं नाहीस, मी तुझ्या जागी असते तर मीही गेले असते. बाबा हसले आणि चावी खुंटीला लावली. त्यावर ते आजवर अवाक्षर बोललेले नाहीत. पण तुझं पत्र आलं की मला दोनदा वाचायला लावतात, आणि कसली वाट बघत ऐकतात ते मला ठाऊक आहे.

म्हणून हे पत्र. शिमग्यापर्यंत थांबू नकोस, रजा काढ आणि ये. चावी काढून घ्यायला नको, मागायला ये. मुंबईला कंटाळलो, आता गाडी मी चालवतो, एवढंच म्हण. पुढे गाडी गुरुदास सांभाळेल, त्याच्याशी माझं बोलणं झालंय. जे ऐकायला बाबा इतकी वर्षं थांबले, ते मी तुला खोटं बोलायला सांगतेय, याची मला लाज वाटते. पण दुसऱ्या कुणाच्या हातात ते चावी देणार नाहीत. काल पोस्टमन दारात सायकल लावत होता, तर बाबा स्वेटर सारखा करत लगबगीने पुढे गेले आणि त्याला म्हणाले, "परश्या, इलंस?" पोस्टमन हसला, त्याला थट्टा वाटली. मीही हसले. चावी मागणारा तू आहेस हे त्यांना ओळखू येतंय, तोवर ये रे.

तुझीच,
अक्का