चौथ्या मजल्यापर्यंतचं वजन

कॉन्स्टंटाइन, १२ ऑक्टोबर

प्रिय वहीबा,

सलाम. तू, जावई आणि चिमुकली सलसबील खुशाल असाल. इकडे गारठा पडू लागलाय. दुकानात दुरुस्तीची शिवणयंत्रं साचली आहेत.

नात पाच महिन्यांची झाली आणि आजोबांनी तोंड दाखवलं नाही, हा तुझा टोमणा पोचला. ‘काम आहे’ असं मी चारदा कळवलं. ते खोटं होतं. मे महिन्यात मी अन्नाबाला आलो होतो. तुझ्या चौथ्या मजल्याचा जिना चढताना दुसऱ्यावरच दम कोंडला, भिंतीला टेकलो. एक बाई म्हणाली, “कुणाकडे जायचंय, काका?” मी म्हणालो, “पत्ता चुकला.” आणि उतरून परतीची बस धरली.

मग वजनाचा विषय मुळापासून शिकलो, यंत्रं शिकलो तसाच, गुरूवाचून. किलोंना मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, की बीएमआय येतो. वजन एकशे बारा, उंची १.७४, म्हणजे सदतीस. हवा पंचवीसच्या आत. दवाखान्यानं धरलेली उंची मला मान्य नव्हती. लष्कराच्या कार्डावर १.७६ आहे. माझी पोलादी टेप नेऊन त्यांची पट्टी तपासली. पट्टी बरोबर निघाली.

त्यासाठी सदतीस किलो तीन महिन्यांत उतरवायचे, असं ठरवलं. नुसतं पाणी आणि उकडलेली भाजी. अकराव्या दिवशी दुकानात चक्कर येऊन पडलो. घाबरू नकोस, कपाळाला दोनच टाके पडले.

डॉक्टर नाजेत तुझ्याच वयाची आहे. म्हणाली, “काका, यंत्र अडकलं की चाक जोरानं फिरवता?”

“छे! सुई मोडेल.”

“मग या शरीरानं तुमचं काय घोडं मारलंय? आठवड्याला अर्धा किलो, तीन महिन्यांत सहा. तेवढ्यानंही जिना हलका वाटेल. आणि पंचवीसचा ध्यास सोडा. तो आकडा अंदाज देतो, निकाल नाही.”

“सहा किलो? लोक हसतील!”

“लोकांना नाही चढायचा जिना. शुक्रवारच्या जेवणाला कुस्कुस किती जणांचं शिजवता?”

“सहा.”

“आणि घरात किती जण?”

मी टाके चाचपत बसलो.

वहीबा, तुझी आई गेल्यापासून मी तिचंच भांडं चढवतो. ती पहिली थाळी शेजारच्या हूरियाकडे पाठवायची, दुसरी मशिदीत. थाळी घेऊन शेजाऱ्याचं दार वाजवायची मला लाज वाटायची. अन्न टाकणं तर पाप. म्हणून रविवारपर्यंत सगळं मीच संपवायचो. पाच वर्षं. जेवताना रेडिओ मोठ्यानं लावायचो.

त्याच आठवड्यात थाळी घेऊन हूरियाचं दार वाजवलं. म्हणाली, “तीन पावलं चालायला पाच वर्षं लागली होय रे? ये आत.” चव घेऊन म्हणाली, “मीठ विसरलास.” हिच्या जिभेला हाड नाही. तरी बसलो तासभर.

त्याला सहा आठवडे झाले. आता एकशे नऊ. बीएमआय छत्तीस, म्हणजे तक्त्यात अजून लठ्ठांच्याच रकान्यात आहे. सहा पुरे झाले की येईन, असं ठरवलं होतं. पण काल तुझ्या पत्रात वाचलं, ती बसायला लागली. उरलेल्या तीन किलोंत ती उभी राहील.

गुरुवारी सकाळच्या बसनं येतो. जावयाला खाली पाठव. मला हाताला धरून वर आणावं लागेल.

तुझा,
बाबा