पिल्लूचा पहिला डोस

ताई,

तुझ्या पिल्लूच्या कमजोर पायांसाठी नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये नाव घालताना तू म्हणालीस, "जरा थांबूया का गं?" मी म्हणाले, "थांबला तो संपला!" मोठी शहाणी मी!

पहिल्या गटात तिला अगदी छोटा डोस मिळाला, त्याने काहीच झालं नाही. आता पुढच्या गटातल्या मुलांना मोठा डोस लागू पडतोय. पिल्लूच्याच स्टेम सेल्सपासून आमच्या लॅबमध्ये वाढवलेले स्नायूही त्या डोसने डिशमध्ये हलले, तेव्हा मी नाचलेच.

पण औषध स्नायूंपर्यंत पोचवणारा व्हायरस तिच्या शरीराने त्या पहिल्या छोट्या डोसमुळे आता ओळखलाय. पुन्हा दिला, तर शरीर त्यालाच मारून टाकेल. म्हणून तिला मोठा डोस मिळणार नाही.

काल फोनवर तू विचारलंस, "आपला नंबर कधी?" मागून पिल्लू ओरडली, "मावशी, मी जिना चढायला तयार आहे!"

मी "लवकरच" म्हणाले.

अजून खरं न बोललेली,
तुझी धाकटी