चार बोटं जागा

मंगळवार, संध्याकाळी सात

शेजारचे भाऊसाहेब त्यांची रिकामी पिकअप घेऊन येतायत. तोवर नुसतं बसवत नाही, म्हणून लिहितोय.

कांदा भरला की आपली पिकअप मागून बसायची, म्हणून काल मागच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे जास्तीचे पाटे टाकून आणले. मिस्त्री म्हणाला होता, "शेठ, पाटे वाढवले, पण ब्रेक तेच आहेत. वजन बघून भरा." मी मान हलवली. आणि घरी येऊन संतोषला, धाकट्या भावाला, काय सांगितलं? "आता गाडी बसायची नाय." एवढंच. एवढंच का?

आज तो विंचूरला माल भरून मुंबईला निघाला. मघाशी फोनवर सहज विचारलं, किती गोण्या?

"बावन्न."

नेहमी पस्तीस जातात!

"चार बोटं ठेवूनच भरल्यात दादा. लय भारी काम झालंय, गाडी वाकतच नाय."

चार बोटं. चाक आणि हौद्याच्या मध्ये तेवढी जागा उरली की भरणं थांबवायचं, हे त्याला मीच शिकवलं. आमचा वजनकाटा तोच. पण तो जुन्या पाट्यांचा!

ओरडलोच त्याच्यावर. "घोटीला थांब. कसारा घाट उतरायचा नाही. मी येतोय, अर्धा माल काढू."

"बरं," म्हणाला, पण रागानेच. थांबला असेल ना? तेव्हापासून फोन लागत नाहीये.

काल मिस्त्रीकडे नवे पाटे बसल्यावर रिकाम्या गाडीच्या त्याच जागेत माझी अख्खी वीत मावली होती. किती खूश झालो होतो मी.