रोलर मोकळे सोडायचे नाहीत

३ जून, सोमवार
ही वही देवनागरीत लिहायची. तंजावूरात आम्ही मराठी बोलणारे बरेच, वाचणारे मोजके. घरात भामालाही वाचता येत नाही. बायको असली म्हणून काय झालं, खबरदारी बरी.

चौदा तारखेला गाइड शेषाद्री सरांसमोर सेमिनार. पीएचडीला दोनदा मुदतवाढ घेऊन झाली, तिसरी मिळणार नाही. लॅबमध्ये खरा काँक्रीटचा बीम दोन रोलरवर ठेवून वरून दाबला, तो चौऱ्याऐंशी किलोन्यूटनला मोडला. आता कॉम्प्युटरमधला बीमही तेवढ्यालाच मोडला पाहिजे. एवढंच काम. बुधवारपर्यंत संपवणार.

४ जून
कॉम्प्युटर विचारतो, बीम आणि रोलर यांच्यात काँटॅक्ट कसा ठेवू? मोकळा ठेवून पाहिला. रन सुरू होताच बीम स्क्रीनवरून निघून गेला. मला याचा अंदाज होताच. आमच्याकडे गॅसचा सिलिंडरसुद्धा साखळीने बांधलेला असतो. सगळे काँटॅक्ट 'टाइड' करून टाकले, म्हणजे जिथे टेकलं तिथे कायमचं चिकटलं. आता हल म्हणावं.

५ जून, बुधवार
दीडशेला मोडला. म्हणजे लॅबचं मशीन खोटं बोलतंय.

७ जून, दुपार
मशीनचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागून घेतलं. अगदी ताजं निघालं. इतकं ताजं का? आता संशय सिमेंटवर.

पलीकडच्या टेबलावर विनुता बसते. एम.टेक.ची मुलगी, पापनाशमहून ट्रेनने येते. आज तमिळमध्ये विचारत होती, सर, सपोर्टला कुठला काँटॅक्ट दिलाय? कॉन्फिडेन्शियल, म्हणालो. हिला कशाला हव्यात माझ्या सेटिंग्ज?

तिच्यासमोरच भामाला फोन लावला. आपल्या भाषेचा हा फायदा, चारचौघांत बसून दार लावून बोलल्यासारखं बोलता येतं. सांगितलं की ही पोरगी माझं मॉडेल चोरणार, चेहराच तसा आहे. सगळं टाइड केलंय हेही सांगितलं. भामा म्हणाली, डब्यातलं मोरकुळंबु, ताकाचं कालवण, सांडलं का तेवढं बघा.

१० जून, सोमवार
विनुता पुन्हा आली. सगळ्या लॅबदेखत कागदावर बीम काढून दाखवला, एका टोकाखाली त्रिकोण, दुसऱ्याखाली गोल. कागद घडी करून खिशात ठेवला. पुढेमागे पुरावा म्हणून लागेल.

पासवर्ड बदलला. मी विसरेन म्हणून भामाला फोनवर सांगून ठेवला. नेटवर्क वाईट, तीनदा ओरडून सांगावा लागला. विनुता मान खाली घालून बसली होती. अपराधी माणूस असाच बसतो.

१२ जून
दीडशेच. निर्णय झाला. कॉम्प्युटर बरोबर, टेस्ट चूक, असंच मांडायचं. ठासून. सर खूश होतील.

१४ जून, संध्याकाळ
सरांनी ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, सोमवारी जुळणारा आकडा घेऊन ये, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द होईल, मग माझ्याकडे येऊ नकोस.

हॉल रिकामा झाला. मी बसून राहिलो. नऊ वर्षं गेली यात. भामाला काय सांगायचं ते सुचेना. मला भीती वाटली, खरीच.

तेवढ्यात विनुता आली. अडखळत, आमच्या घरच्या मराठीत म्हणाली, सर, तुम्हीं दोन्हीं टोंकं बांधून टाकलांत. म्हणून बीमाला जोर आला. एकाला धरा, एकाला सोडा.

तिची आजी घरी मराठीच बोलते म्हणे. हिला बोलायला फारसं येत नाही, समजतं मात्र सगळं.

सात तारखेपासूनचं सगळं.

जाताना अदबीने म्हणाली, पासवर्डही बदला, सर.

१५ जून, शनिवार
खिशातला कागद काढला. त्रिकोण म्हणजे धरलेला रोलर, गोल म्हणजे सोडलेला. तसंच केलं, थोडं घर्षण दिलं. बीम कुठेही पळाला नाही. सुरुवातीला दोन्ही सोडले होते म्हणून पळाला होता. शहाऐंशीला मोडला, लॅबच्या चौऱ्याऐंशीला जुळण्याइतका जवळ. सरांना फोन केला. हं, म्हणाले. सरांचं हं म्हणजे पुष्कळ झालं.

लगेच लॅबमधूनच भामाला कळवलं. म्हटलं, चूक कोणाला सापडत नव्हती, शेवटी माझी मीच शोधली. विनुता समोर बसली होती आणि तिला मराठी कळतं, म्हणून मुद्दाम तमिळमध्ये बोललो.

फोन ठेवला तेव्हा अख्खी लॅब विनुताकडे बघत होती.