कॅमेऱ्याचा तुलनात्मक तक्ता

३ सप्टेंबर, सकाळी ७
डॉक्टर म्हणाले, रिकामे बसू नका, छंद लावून घ्या. छंद ठरला: वन्यजीव आणि निसर्ग यांची फोटोग्राफी. पाटोद्याकडे मोर आहेत, पालीला धरण आहे. महिनाअखेर कॅमेरा हातात. प्रश्न एकच, मिररलेस की डीएसएलआर. केजला पंचायत समितीच्या भांडार शाखेत सत्तावीस वर्षं काढली. तीन कोटेशन आणि तुलनात्मक तक्ता झाल्याशिवाय टाचणी घेतली नाही. हा तर कॅमेरा.

४ सप्टेंबर
तक्ता आखला. मिररलेस हलका, आवाज नाही, मोर बुजणार नाहीत. डीएसएलआरची बॅटरी दिवसभर पुरते, जुन्या लेन्स सहज मिळतात. दोन्ही समान. ‘शिफारस’चा रकाना कोरा.
सवयीने दोन कप चहा केला. दुसराही प्यायलो.

७ सप्टेंबर
रुचिकाचा पुण्याहून फोन. बारा ऑक्टोबरला आईचं पहिलं पुण्यस्मरण. पूजेसाठी जंगमांना सांगा, आणि भिंतीवर लावायला आईचा चांगला फोटो शोधा. म्हटलं, शोधतो.
लग्नाच्या अल्बममध्ये कावेरीची मान खाली. आधारवरची ती वाटतच नाही. बाकीच्या लग्नांत कडेला, अर्धी.
कॅमेरा तेव्हाही घ्यायचाच होता. २०२१ चा तक्ता सापडला. दोन कोटेशन आली होती, तिसरं यायचं होतं.

१३ सप्टेंबर
शेजारचा भागवत जीप धुता धुता म्हणाला, आप्पा, मोर म्हातारे झाले तुमची वाट बघून, घ्या की कोन्ताबी! त्याला सेन्सर समजावून सांगितला. अर्ध्या तासाने म्हणाला, लई पाणी सांडलं, येतो.
आज पुष्कळ बोलणं झालं.

१९ सप्टेंबर
पालीचं धरण भरलं. सांडव्यावरून पाण्याची चादर सुटली. कावेरी दरवर्षी म्हणायची, मोरपंखी साडी नेसते, तिथं माझा एक फोटो काढा. मी म्हणायचो, मोबाईलवर नको, कॅमेरा येऊ दे. ती म्हणायची, तोवर मी म्हातारी होईन.
तेवढी झाली नाही.

२८ सप्टेंबर
स्टुडिओवाल्या सुरजने एक दिवस त्याचा डीएसएलआर दिला. भागवतच्या जीपने पालीला. उजेड उत्तम. २१४ फोटो, सगळे चादरीचे. संध्याकाळी कॉम्प्युटरवर बघून सुरज म्हणाला, काका, समद्या फोटोंत उजवीकडं जागा रिकामी कावून सोडली? सांगितलं, कंपोझिशनचा नियम आहे. त्याला पटलं.
तक्त्यात नोंद: डीएसएलआर जड. खांदा दुखतो.

५ ऑक्टोबर
मोर राहिले. या दिवसांत त्यांचे पिसारे गळालेले असतात, असं वाचलं. आता पुढच्या जूनला. तोवर मिररलेसही स्वस्त होतील.
रुचिकाने विचारलं, फोटो सापडला का. म्हटलं, निवड चालू आहे.

९ ऑक्टोबर
कावेरीचा फोटो शोधतोय हे ऐकून भागवत मोबाईल घेऊन दारात. दोन वर्षांमागे केजच्या एका लग्नाहून येताना त्याने आम्हाला पालीला नेलं होतं. तेव्हा त्याने एक फोटो काढला होता. मागे चादर. पुढे कावेरी, मोरपंखी साडीत, तोंड भरून हसतेय. आणि तिच्या खांद्यावर आडवा माझा पंजा, कॅमेऱ्याकडे रोखलेला. आठवलं. मी ओरडत होतो, आत्ता नको, उजेड चुकीचा आहे.
भागवत मान खाली घालून म्हणाला, तुमी आडवे आलते आप्पा, म्हणून दाखवला न्हाई.
उजेड ठीक होता.

११ ऑक्टोबर
सुरजने फोटो मोठा केला. म्हणाला, हात पाच मिनिटांत काढतो. विचारलं, हाताखाली काय निघेल? म्हणाला, निघत कायबी न्हाई काका, साडी भरावी लागती आपल्या मनानं.
म्हटलं, राहू दे.

१२ ऑक्टोबर
जंगम आले. फोटोला विभूती लावली, हार घातला. पंगतीत शेजारच्या रतनबाईंनी विचारलं, कावेरीच्या फोटोत हात कुणाचा गं? रुचिका म्हणाली, बाबांचा. पुढे कुणी काही विचारलं नाही.
सगळे गेल्यावर संभाजीनगरच्या दुकानातून फोन. तिसरं कोटेशन तयार आहे. साहेब, वाइल्डलाइफ का लँडस्केप, नक्की कशाचे फोटो काढायचेत?

म्हटलं, कळवतो.