अर्ध्या किलोमीटरवर लागणारा दिवा

३ मार्च, सोमवार
आजपासून घराच्या सुरक्षेचा प्रश्न हाती घेतला. शेजारच्या इमारतीत चोरी झाली. (गेल्या वर्षी. छत्री गेली. पण सुरुवात अशीच होते.) वजनकाट्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं तपासणी करतोय, खोटा माल मला लांबूनच कळतो. बायको म्हणाली, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय? हिला दूरदृष्टी नाही.

७ मार्च, शुक्रवार
तीन कंपन्यांची माणसं येऊन गेली. पहिल्याचे कॅमेरे उत्तम, पण त्यांचं दिव्यांशी जमत नाही. एका घरात राहून एकमेकांशी बोलायचं नाही, ही कसली सिस्टीम? नापास. दुसऱ्याच्या प्रत्येक वस्तूला वेगळं ॲप. तोही नापास. तिसऱ्याचं कुलूप, कॅमेरे, दिवे, गीझर सगळं एकाच ॲपवर. पास.

त्याने विचारलं, घरात माणसं किती? मी दोन म्हणालो. बायको त्याच वेळी तीन म्हणाली. मग मला सांगावं लागलं की मुलगा अकरा महिन्यांपासून वेगळा राहतो. पक्की नोकरी सोडून सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं, म्हणून रागाच्या भरात मी 'या घरात पाय ठेवू नकोस' म्हणालो होतो. जन्मात माझं एक अक्षर न ऐकणाऱ्याने नेमकं तेवढंच ऐकलं. मला काही फरक पडत नाही. कॅमेरेवाल्याने 'दोन' लिहिलं.

१० मार्च, सोमवार
सिस्टीम बसली. हॉलमधला कॅमेरा जेवणाच्या टेबलाकडेच हवा, असा बायकोचा हट्ट. चोर काय जेवायला बसणार आहे? ऐकेचना. दिला लावून.

सगळ्यात भारी सोय 'घरी येतोय'. माझा फोन घरापासून अर्ध्या किलोमीटरवर आला की हॉलचा दिवा आपोआप लागतो आणि गीझर सुरू होतो. बायको म्हणते, भर दुपारी दिवा कशाला? म्हटलं, मालक येतोय हे घराला कळायला नको?

११ मार्च, मंगळवार
सकाळी ११.०८ला कारखान्यात फोनवर सूचना आली, दारात अनोळखी व्यक्ती. उघडून बघितलं.

बारीक झालाय. दाढी वाढवली आहे.

आईने टेबलाशी बसवलं. दोनदा वाढून घेतलं. काहीतरी सांगून तिला हसवलं. काय ते कळलं नाही, आवाजवालं मॉडेल मीच नको म्हणालो होतो. ॲप विचारत होतं, ओळखीची व्यक्ती म्हणून नोंद करायची का? 'नंतर' दाबलं.

रात्री जेवताना बायकोला सहज विचारलं, आज कोणी आलं होतं का? कोण येणार, म्हणाली.

१८ मार्च, मंगळवार
पुन्हा आला. मंगळवारी त्याचं दुकान बंद असतं आणि मी कामावर असतो. म्हणजे हे अकरा महिने चालू आहे आणि मला पत्ता नाही. बसतो तोही माझ्याच खुर्चीत. रेकॉर्डिंग तीनदा पाहिलं, केवळ चित्र स्पष्ट येतं का ते तपासायला. स्पष्ट येतं. डाव्या अंगठ्याला पट्टी आहे. लहानपणापासून धांदरट.

निश्चय: पुढच्या मंगळवारी डोकं दुखतंय सांगून लवकर निघायचं. भेट योगायोगाने झाली पाहिजे. वाक्य एवढंच, 'अरे, कधी आलास?' माफीचा प्रश्नच येत नाही.

२५ मार्च, मंगळवार. दुपार
११.४९ला घरात शिरलो. टेबलावर दोन ताटं, एक अर्धवट टाकलेलं. मागचं दार उघडं. हॉलमध्ये दिवा लख्ख. बायको म्हणाली, दिवा लागला आणि तो उठला.

सिस्टीम चोख चालते आहे. तक्रारीला जागा नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
रेकॉर्डिंग पाहिलं. ११.४२, दिवा लागतो. तो वर बघतो. आई काहीतरी म्हणते. तो हात धुतो, शर्ट नीट करतो आणि पुढच्या दाराशी येऊन उभा राहतो. मागच्या नाही, पुढच्या. कडीवर हात. चार मिनिटं तसाच. मग मान खाली घालून मागच्या दाराने जातो.

बायकोने सगळं सांगितलं. तो शनिवारी दुकान दुसऱ्या शहरात हलवतोय. मला भेटूनच जायचं, असं ठरवून आला होता. पण मी काही येईना, तेव्हा त्याचा धीर सुटला. दोघं एकाच माळेचे मणी, असं म्हणून ती रडली.

अर्धा किलोमीटर यायला स्कूटरला दोन मिनिटं लागतात. मी सात लावली. कोपऱ्यावर स्कूटर थांबवून 'अरे'ने सुरुवात करावी की नको, याचा विचार करत होतो. माझा मुलगा माझ्यासाठी दार उघडायला उभा होता आणि मी वाक्य पाठ करत होतो. माझंच चुकलं. अकरा महिन्यांपूर्वीही माझंच चुकलं होतं. हे इथे लिहितोय कारण ही वही कोणी वाचत नाही.

२९ मार्च, शनिवार
स्टेशनवर जाणार होतो. कारखान्यात तातडीची तपासणी निघाली. (मी काढली.)

१ एप्रिल, मंगळवार
अकरापासून फोन समोर घेऊन बसलो. एकही सूचना नाही. संध्याकाळी ॲपने कळवलं, आज घर पूर्णपणे सुरक्षित होतं.

८ एप्रिल, मंगळवार
त्याला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. बाबा, काय झालं, म्हणून विचारलं. मी म्हणालो, काही नाही, चुकून लागला. तो बरं म्हणाला.